प्लुटोचा जन्म

हलत्या चित्रांच्या बोलपटांतील कुत्र्यांत प्लुटोला अग्रमान द्यावा लागतो. परंतु त्याला जन्मतः हें नांवहि नव्हतें. १९३० सालीं वॉल्ट डिस्ने यांच्या 'द चेन गँग'मध्यें तुरुंगांतून पळालेल्या मिकी माउसच्या मागावर दोन कुत्रे सोडलेले दिसतात; तेच त्याचे मूळपुरुष. त्याच वर्षीं 'द पिक्निक'मध्यें तो मिनीचा 'रोव्हर' झाला, आणि १९३१ त 'द मूस हंट'मध्यें मिकीच्या घरीं येऊन प्लुटो. १९३० तच क्लाइड टॉम्बॉ यांनीं शोधलेल्या ग्रहासहि हेंच नांव मिळालें होतें. २००६ सालीं त्या बिचाऱ्याचें ग्रहपद गेलें. कुत्र्याचें पद मात्र अबाधित राहिलें!

प्लुटो सहसा मुकाच असतो. मग त्याच्या मनांतलें प्रेक्षकांस कळावें कसें? हा पेंच नॉर्म फर्ग्युसन या चित्रकारानें १९३४ च्या 'प्लेफुल प्लुटो'मध्यें सोडविला. माशा धरण्याचा चिकट कागद प्लुटोच्या अंगास चिकटतो, एवढाच प्रसंग. कल्पना वेब स्मिथ यांची. नाक सोडवावें तों पाय अडकतो, पाय सोडवावा तों पाठ! संवाद नाहीं, मारामारी नाहीं. तो थबकतो, कपाळास आठ्या घालतो, प्रेक्षकांकडे पाहतो, नवी युक्ति योजतो आणि पुनः फसतो. एरवीं चित्रांतले प्राणी उड्या मारीत, आपटत, धांवत. हा विचार करतांना दिसला. पुढें डिस्ने यांच्या चित्रशाळेंत हा प्रसंग धड्यासारखा अभ्यासला गेला.