शाळेच्या आवारात गाडी, गाडीत बंदूक

अमेरिकेत १९९०च्या केंद्रीय कायद्याने शाळेत आणि भोवतालच्या १००० फुटांत बंदूक बाळगायला बंदी घातली. सुप्रीम कोर्टाने १९९५मध्ये तो रद्द केला; पुढच्याच वर्षी तो दुरुस्त होऊन परत आला. गाडीपुरती सवलत आहे: बंदुकीत गोळ्या नकोत आणि ती कुलूपबंद पेटीत किंवा रॅकमध्ये हवी. शाळा ज्या राज्यात आहे त्याच राज्याने पडताळणी करून दिलेला परवाना असेल, तर केंद्राची ही अटही लागत नाही.

बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षभर शाळेतून काढायचा नियम वेगळा. पण कुलूपबंद गाडीत कायदेशीरपणे ठेवलेली बंदूक त्यातून सुटते. सोळाव्या वर्षीच मुलं गाडी घेऊन शाळेत येतात, किल्ली त्यांच्याच खिशात असते. ही मोकळीक धोक्याचीच आहे. राज्यांचे नियम आणखी वेगळे.