पंखा थांबला, पण इशारा का आला नाही?



गाळप हंगामात वजनकाट्यावरचा संगणक तासभर बंद पडला, तरी बाहेर बैलगाड्या नि ट्रॉल्यांची रांग लागते. उभ्या गाडीतला ऊस वाळतो, वजन घटते आणि नुकसान आपल्याच पदरी येते. संगणक असा बंद पडण्याचे एक साधे कारण म्हणजे त्याच्या आतला पंखा. काट्यावर धूळ नि बगॅसचा भुसा भरपूर. तो पात्यांवर बसतो, पंखा मंदावतो आणि आतले भाग तापतात. पंखा मंदावताच इशारा मिळावा अशी सोय पुष्कळ संगणकांत असते. तरी कित्येकदा इशारा येतच नाही. असे का होते?

आधी इशारा कसा मिळतो ते पाहू. पंख्याच्या दोन तारा विजेच्या. तिसरी वेग सांगणारी. एका फेऱ्याला साधारणपणे दोन ठोके या तारेतून जातात. मदरबोर्डवरची चिप ते मोजते, मिनिटाचे फेरे काढते आणि नेमून दिलेल्या किमान वेगाशी ताडून पाहते. वेग त्याखाली गेला, तरच इशारा.

आता विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर आठवा. ओव्हरलोड रिले मोटारीच्या अँपिअरपेक्षा फार वर लावून ठेवला, तर मोटार जळते पण रिले पडत नाही. रिले चांगलाच असतो, सेटिंग चुकलेले असते. इथेही बहुधा तेच घडते. किमान वेग शून्य लावला असेल, तर वेग शून्याखाली जाणार कसा नि इशारा येणार कसा?

पुष्कळदा हे शून्य माणसानेच लावलेले असते. जुन्या एलएम ७८ चिपची मोजणी २५५ पर्यंतच जाते. तिचा भाजक २ असेल, तर मिनिटाला सुमारे २,६५० फेऱ्यांखालचा वेग तिला कळत नाही. पंखा फिरत असूनही खोटा इशारा येतो. त्याला कंटाळून कोणीतरी मर्यादाच काढून टाकतो. खरा उपाय भाजक वाढवण्याचा. भाजक ८ केला, की सुमारे ६६० फेऱ्यांपर्यंतचा वेग दिसतो.

तपासणी या क्रमाने करावी :

१) पंख्याला दोनच तारा असतील, तर वेग कळणारच नाही. तीन किंवा चार तारांचा पंखा बसवावा.

२) एकाच जोडणीवर दोन पंखे असतील, तर सहसा एकाचाच वेग कळतो. दुसरा मेला तरी पत्ता लागत नाही.

३) बायोसमध्ये किमान वेगापुढे ‘इग्नोर’ आहे का, ते पाहावे. नेहमीच्या सर्वांत कमी वेगाच्या थोडी खाली मर्यादा लावावी.

४) लिनक्समध्ये हाताने लावलेली मर्यादा संगणक पुन्हा सुरू केल्यावर टिकेलच असे नाही. ती सेन्सर्सच्या फाईलमध्ये लिहावी आणि सुरू होताना लागू होईल अशी व्यवस्था करावी.

५) चिपने खूण केली, तरी ती वाचून घंटा वाजवणारा प्रोग्राम चालू हवा.

शेवटी परीक्षा घ्यावी. वीज बंद करून पेटीच्या मागच्या पंख्याची तार काढावी व संगणक सुरू करावा. प्रोसेसरच्या पंख्याला हात लावू नये. इशारा आला तर ठीक. नाही तर वरून पुन्हा तपासावे. नंतर तार आठवणीने परत जोडावी.

हे काम अर्ध्या तासाचे. मोळी टाकण्याआधीच उरकून घ्यावे, म्हणजे ऐन हंगामात काट्यावर खोळंबा होणार नाही.