अष्टमीचा चंद्र

आम्हां मराठीच्या प्राध्यापकांची चंद्राशी ओळख पौर्णिमेपुरती. कवितेच्या तासाला तो भेटतो तो बहुधा सोळा कलांनीच. फार तर कधी बीजेची कोर. पण गच्चीवर दुर्बीण मांडून त्याची छायाचित्रे काढण्याचा नाद लागल्यापासून पौर्णिमा मला नकोशी झाली आहे. त्या रात्री सूर्य आपल्या पाठीशी असतो, चंद्रावर सावली म्हणून उरत नाही, आणि फोटोत येते ती चुना फासलेल्या भिंतीसारखी सपाट थाळी.

खरी मौज शुद्ध अष्टमीला. उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर त्या वेळी सूर्य नुकता उगवत असतो. उन्हे तिरपी, सावल्या लांबच लांब. टॉलेमीचे सुमारे दीडशे किलोमीटर रुंदीचे विवर आणि त्याच्याखालची अल्फॉन्सस व आर्झाचेल ही दोन विवरे अशी काही उठून दिसतात, की बोट लावले तर कंगोरा लागेल! ही सीमा चंद्राच्या विषुववृत्तावर ताशी पंधरा किलोमीटरने सरकते, म्हणजे आपल्या सायकलच्या वेगाने. आठ वाजता एक फोटो घ्या, दहा वाजता दुसरा. मघाशी अंधारात असलेल्या एखाद्या शिखराच्या टोकावर दिवा लागलेला दिसेल.

माझी दुर्बीण आठ इंची आरशाची. तिला मोटर नाही, त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याने चंद्र दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीइतका सरकतो आणि मी नळी ढकलत त्याच्यामागे. नेत्रिका काढून तिथे कॅमेरा बसवला, की आत उमटणारा चंद्र भरतो करंगळीच्या नखाएवढा. अर्धा चंद्र म्हणजे पौर्णिमेच्या निम्मा प्रकाश, असा आपला सरळ हिशेब. प्रत्यक्षात तो जेमतेम दहावा हिस्सा असतो, कारण त्या सावल्याच पुष्कळसा उजेड गिळतात. तरीही सेकंदाचा साठावा भाग पुरतो. न्यूयॉर्कच्या जॉन विल्यम ड्रेपर यांनी १८४० साली चंद्राचे छायाचित्र घेतले, तेव्हा चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा सुमारे वीस मिनिटे उजेडात धरावा लागला होता.

शत्रू एकच, हवा. दिवसभर तापलेली गच्ची रात्री उष्णता सोडते आणि चंद्र ओढ्याच्या तळाच्या खड्यासारखा थरथरतो. म्हणून आता एक फोटो न काढता हजारभर चित्रांची फिल्म घेतात, त्यांतली हवा क्षणभर स्थिर असतानाची शंभरेक निवडतात आणि संगणकाकडून एकावर एक रचून घेतात. यात लबाडी नाही. निवडक उताऱ्यांचे पुस्तक आम्ही तरी दुसरे काय करून काढतो? काही नवे मोबाईल मात्र न दिसलेला तपशील पदरचा घालतात. त्याला माझी हरकत आहे.

आमच्या आईचे वय चौऱ्याऐंशी. गुडघ्यांमुळे तीन वर्षे तिने जिना चढलेला नाही, आणि खिडकीसमोर सात मजली इमारत उभी राहिल्यापासून संकष्टीचा चंद्र तिच्यापुरता पंचांगातच उगवतो. वेळ पाहायची, त्या दिशेच्या भिंतीला हात जोडायचे आणि पान वाढून घ्यायचे. गेल्या वर्षी अष्टमीचा एक फोटो मोठा छापून मी तिच्या हाती दिला. चष्मा पुसून तिने तो क्षणभर पाहिला आणि म्हणाली, "अरे, हा वद्यातला. काल तर शुद्ध अष्टमी होती ना?"

माझ्या दुर्बिणीत प्रतिमा उलटी पडते. मी मुकाट्याने कागद फिरवून दिला.

"आता बरोबर. पण ससा कुठाय?"

सशाचे कान आणि डोके उजेडात आले होते. धडावर अजून रात्र होती. तिथे उजाडायला आणखी चार-पाच दिवस लागणार, असे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग मी थांबते." झाले! सपाट तर सपाट, पौर्णिमेलाही दुर्बीण बाहेर काढावी लागली. आता तिच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर बहुतेक तिथ्या लागल्या आहेत.

राहिली आहे ती कार्तिक शुद्ध बीज. ही सर्वांत अवघड. कोर पश्चिमेला अगदी खाली, घरांच्या नि तारांच्या जाळ्यात. सूर्यास्तानंतर तास-सव्वा तासात मावळणार. कोर नीट यावी तर उरलेले बिंब काळे पडते. आणि पृथ्वीवरून परतलेल्या उजेडात ते बिंब जे मंद उजळलेले असते, ते टिपायला सेकंदभर झाप उघडी ठेवली, तर कोर जळून पांढरी होते. दोन वेगळे फोटो घ्यावे लागतात. मामा गेल्यापासून भाऊबीजेला आई चंद्राला ओवाळते. गेली तीन वर्षे तेही खिडकीतूनच, समोरच्या इमारतीला. यंदा तिने आधीच बजावले आहे, की गेल्या महिन्याची बीज चालणार नाही, त्याच संध्याकाळची हवी. छापायला तेवढा अवधी मिळणार नाही. कॅमेरा तसाच खाली घेऊन येईन आणि त्याच्या पडद्यावर दाखवीन. तोवर निरांजन लावून बसते म्हणाली आहे.