महागाई, थंडी आणि आभार

"महागाईच्या दिवसांत मन समाधानी कसे ठेवावे?" हा प्रश्न या सदराकडे वेगवेगळ्या शब्दांत वारंवार येतो. उत्तरासाठी यावेळी मी आयर्लंडचे उदाहरण घेतले आहे. मराठी घरांतील पुष्कळ मुले डॉक्टर, नर्स किंवा संगणकाच्या कामासाठी तिकडे स्थायिक झाली आहेत आणि त्यांच्यामागून आईवडीलही जातात. शिवाय तिथे महागाईला थंडीची जोड आहे. त्यामुळे समाधान कोणते आणि निव्वळ सोसणे कोणते, हा फरक तिथे लवकर उघडा पडतो.

2022 च्या ऑक्टोबरात आयर्लंडमधील महागाईचा दर 9.2 टक्क्यांवर गेला. जवळजवळ चाळीस वर्षांत तिथल्या लोकांनी असे पाहिले नव्हते. वीज आणि गॅस यांचे दर तर त्याहून कितीतरी अधिक चढले. ज्या देशात घर वर्षातले सहासात महिने तापवावे लागते, तिथे याचा अर्थ काय होतो? म्हातारी माणसे हीटर बंद करतात.

माझ्या माहितीतल्या एका मावशी ठाण्याहून डब्लिनला मुलाकडे गेल्या. मुलगा-सून कामावर गेली की त्या हीटर बंद करत, अंगावर कोट चढवून दिवसभर बसत आणि मुले परतायच्या अर्धा तास आधी तो पुन्हा लावत. कोणी विचारले तर म्हणत, "देवाची कृपा आहे, मला काही कमी नाही." बोलणे सुंदर आणि खरेही. पण घरात पारा तेरा अंशांवर होता आणि मावशींचा रक्तदाब औषध चालू असूनही उतरत नव्हता.

हे का होते ते समजून घेऊ. थंडीत शरीर आतली ऊब राखण्यासाठी कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आवळून घेते. वाहिन्या आवळल्या की दाब वाढतो आणि हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. रक्तही थोडे दाट होते, गुठळी होण्याची शक्यता वाढते. म्हणून थंडीची लाट आली की त्या दिवशी आणि पुढच्या काही दिवसांत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढलेले दिसतात. छातीत कफ धरतो तो वेगळाच. त्यात वयाची अडचण अशी, की उतारवयात थंडी कळण्याची जाणीवच बोथट होते. अंगाला कापरे भरणे हा शरीराचा ऊब निर्माण करण्याचा उपाय आहे, पण म्हातारपणी तोही मंदावतो. "मला थंडी वाजत नाही" हे सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे म्हणणे म्हणून पुरावा धरता येत नाही. भिंतीवर एक साधा थर्मामीटर लावावा आणि त्याचे ऐकावे. आयर्लंडची सरकारी आरोग्यसेवा सांगते की बसण्याच्या खोलीत 21 अंश आणि झोपण्याच्या खोलीत 18 अंश तापमान असावे. सगळे घर तापवणे परवडत नसेल तर एक खोली तापवा आणि दिवस तिथेच काढा. आपल्या चाळीत नाही का सगळे एकाच खोलीत व्हायचे!

शरीराचे आतले तापमान 35 अंशांखाली गेले तर तो धोका आहे. माणूस सुस्त होतो, बोलणे अडखळते, काही विचारले तर भलतेच उत्तर देतो. घरच्यांना वाटते, वय झाले, झोप आली असेल. पोटाला हात लावून पाहा. तिथली कातडी गार लागली तर वाट पाहू नका, 112 वर फोन करा. तोवर ओले कपडे बदलावेत आणि घोंगडे पांघरावे. माणूस नीट शुद्धीवर असेल तर कोमट गोड पेय द्यावे. हातपाय चोळू नयेत आणि ब्रँडी तर मुळीच देऊ नये, तिने वरवर ऊब वाटते आणि आतली निघून जाते.

आता आभारांकडे येऊ. कृतज्ञता तब्येतीला चांगली असते हे आपले वाडवडील सांगत आलेच, पण गेली वीस-पंचवीस वर्षे शास्त्रज्ञही ते तपासून पाहत आहेत. 2003 साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांना आभार मानण्याजोग्या गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना कटकटी लिहायला सांगितल्या. आभार लिहिणाऱ्यांचे मन अधिक प्रसन्न राहिले. त्यांच्या एका प्रयोगातले लोक स्नायूंच्या आणि नसांच्या जुनाट आजाराचे होते. त्यांनी एकवीस दिवस लिहिले आणि झोप अधिक लागते, उठल्यावर ताजेतवाने वाटते, असे सांगितले. 2024 मध्ये अमेरिकेतील 49,275 वयस्क नर्सबाईंच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांचे सरासरी वय 79 होते. ज्यांच्या मनात कृतज्ञता सर्वांत जास्त होती त्यांच्यात पुढच्या सुमारे तीन वर्षांत मृत्यूचे प्रमाण, सर्वांत कमी कृतज्ञता असणाऱ्यांपेक्षा 9 टक्क्यांनी कमी आढळले. हा आकडा ऐकून लगेच औषधाची बाटली फेकू नका. ज्याची तब्येत बरी, त्याला आभार सुचणेही सोपे. संशोधकांनी तो हिशेब धरला होता, तरी आभारांमुळेच आयुष्य वाढले असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. झोप, मनाची शांती, माणसांशी नाते यांना हातभार लागतो, एवढे मी भरवशाने म्हणेन, आणि फुकट मिळणाऱ्या गोष्टीकडून ते काही थोडे नाही.

आपल्या लोकांना हे नवीन कशाला वाटावे? सकाळी डोळे उघडताच "मोदे अनी" म्हणायचे. दिवसाला शंभर बेराखोथ म्हणावेत असे तालमूदमध्ये रब्बी मेईर यांच्या नावावर सांगितले आहे. त्यातला मला वैद्यकीय दृष्ट्या सर्वांत आवडता बेराखा कोणता, तर शौचालयातून आल्यावर म्हणायचा. शरीरातील छिद्रे आणि नळ्या उघड्या राहायच्या तिथे उघड्या आणि मिटायच्या तिथे मिटलेल्या राहतात, याबद्दल देवाचे आभार! तरुणपणी हसू यायचे. प्रॉस्टेटचा त्रास किंवा बद्धकोष्ठ अनुभवलेल्या वाचकांना आज हसू येणार नाही. आणि आपला मलिदा घ्या. घरात बरे काही घडले की पोहे, खोबरे, गूळ, फळे ताटात मांडून एलियाहू हनाबींचे नाव घ्यायचे. त्यात महागडे काहीच नाही. मांडवीचे शाआर हाराहामीम तर उभे राहिले तेच आभारांतून. सॅम्युअल एझिकेल दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि 1796 मध्ये त्यांनी ते बांधले.

दिवेकरांनी आभार मानले ते सुटकेनंतर. कैदेतच "बरे चालले आहे" म्हणून बसून राहावे, असा त्याचा अर्थ कोणी काढत नाही. मावशींच्या बाबतीत नेमके तेच होत होते. आभार मानणे म्हणजे आपल्याला काय मिळाले ते डोळे उघडून पाहणे. जे मिळण्याचा आपला हक्क आहे ते न घेणे आणि त्याला समाधान म्हणणे, हा निराळा प्रकार झाला. त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा संकोच असतो. मुलांना भार नको, सरकारपुढे हात पसरायला नको.

तर डोळे उघडून पाहू. आयर्लंडमध्ये 1967 पासून वृद्धांना प्रवास मोफत आहे. आज तिथे कायदेशीरपणे कायम राहणाऱ्या 66 वर्षांवरील माणसाला पास मिळतो. त्यावर शहरातली बस, ट्राम आणि दूरगावची रेल्वेही चालते. डब्लिनमध्ये बसमधून उतरताना लोक ड्रायव्हरला "थँक्स" म्हणतात, शाळकरी पोरेसुद्धा. नव्याने गेलेल्या आपल्या माणसांना आधी गंमत वाटते आणि पंधरा दिवसांत तीही म्हणू लागतात. आयरिश भाषेत आभार मानताना जे शब्द वापरतात, "गो रव माह अगत", त्यांचा अर्थ साधारण "तुझ्यापाशी चांगले असो" असा आहे. आपल्याकडची म्हातारी "तुझं भलं होवो" म्हणते, तेच हे.

सत्तरी पूर्ण केलेल्या आणि तिथेच वास्तव्य असलेल्या माणसाला 2015 पासून कौटुंबिक डॉक्टरची तपासणीही मोफत आहे, उत्पन्न कितीही असो. तो निर्णय अमलात आला तेव्हा आरोग्यमंत्री होते लिओ वराडकर, स्वतः डॉक्टर. त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर यांचे मूळ गाव मालवण तालुक्यातील वराड, आई आयरिश नर्स. पुढे ते पंतप्रधान झाले. कोकणातल्या माणसाच्या मुलाच्या कारकिर्दीत मिळालेली सोय कोकणातल्याच माणसाने संकोचाने सोडावी, हे काही बरे नव्हे. पाहुणे म्हणून दोन-तीन महिन्यांसाठी गेलेल्यांना मात्र ही कार्डे मिळत नाहीत. त्यांनी प्रवासाचा आरोग्य विमा आणि आपली औषधे घेऊनच निघावे.

2022-23 च्या त्या कठीण हिवाळ्यात सरकारने प्रत्येक घराच्या वीजबिलात 200 युरोंची सूट तीन वेळा दिली. कमी उत्पन्नाच्या घरांना इंधनासाठी आठवड्याला 33 युरो, असे 28 आठवडे मिळत होते, आणि 2023 च्या जानेवारीपासून सत्तरीपुढच्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा वाढवण्यात आली. रकमा आणि अटी दरवर्षीच्या अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून मुलाला किंवा नातवाला चालू वर्षाचे नियम पाहायला सांगावे. "अलोन" नावाची संस्थाही आहे. विली बर्मिंगहम हे डब्लिनच्या अग्निशमन दलातले जवान. हिवाळ्यात घरोघरी एकटे मरून पडलेले वृद्ध त्यांना सापडू लागले, म्हणून त्यांनी 1977 मध्ये ती काढली. आजही ती एकट्या वृद्धांना फोन करते, भेटायला माणूस पाठवते.

ताटाचे दोन शब्द. महागाई आली की आपण पहिली काटछाट स्वतःच्या ताटात करतो आणि चहा-टोस्टवर दिवस ढकलतो. त्याने स्नायू झडतात, तोल जातो, आणि पडणे म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. अंडी, मसुराची डाळ, ओट्स आयर्लंडमध्येही स्वस्तात मिळतात. आणि बांगडा! तिथल्या समुद्रात तो भरपूर. तो आणि डब्यातली तारली ही कोशरच्या नियमात बसणारी, प्रथिने आणि ड जीवनसत्त्व दोन्ही देणारी मासळी आहे. मात्र डब्यातल्या मासळीत मीठ असते, रक्तदाब असेल तर खारवणी टाकून द्यावी. आयर्लंडचे ऊन कोवळे आणि आपली कातडी सावळी, तेव्हा केवळ उन्हावर भागत नाही. 65 वर्षांवरील सर्वांनी रोज 15 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यावे, असा तिथला सरकारी सल्ला आहे. मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.

आता आभारांची सवय कशी लावावी? रोज वही घेऊन बसण्याचा आग्रह मी धरणार नाही. अमेरिकेतील एका अभ्यासात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना तो दिसला नाही. रोज उगाळले की शब्द गुळगुळीत होतात. आपल्याकडे आठवड्याचा मुहूर्त तयारच आहे. शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावण्यापूर्वी तीन गोष्टी लिहाव्यात. डिसेंबरात डब्लिनला चारच्या आधीच दिवे लावावे लागतात, तेव्हा दुपारीच उरकावे. लिहायचे राहिले तर किद्दुशनंतर जेवताना तोंडाने सांगावे. गोष्ट मात्र नेमकी हवी. "देवाने सगळे दिले" यात मनाला धरायला काही नसते. "मंगळवारी शेजारच्या बाईने कचऱ्याचा डबा बाहेर नेऊन ठेवला" हे चालेल. त्यात माणूस आहे आणि पुढच्या मंगळवारी तिला काय द्यायचे हेही सुचते.

काही दिवस एकही गोष्ट सुचणार नाही. जोडीदार गेल्याचे पहिले वर्ष, दुखणे, मुलांशी अबोला. अशा वेळी बळजबरीने आभार मानू नयेत. आपल्या तेहिलिममध्ये तक्रारीही भरपूर आहेत. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा डोळा लागत नसेल, अन्नावरची वासना उडाली असेल, तर ते औदासीन्य म्हणजे कृतघ्नपणा नव्हे, आजार आहे, आणि त्यावर औषध आहे. डॉक्टरांना तसे सांगावे.

औषधांवरून आठवले. पैसे वाचवण्यासाठी रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेणारे ठाण्यात आहेत तसे डब्लिनमध्येही भेटतील. आयर्लंडमध्ये तिथल्या रहिवासी कुटुंबाला डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मान्य औषधांसाठी महिन्याला 80 युरोंहून अधिक भरावे लागू नये, अशी योजना आहे. त्यासाठी नाव नोंदवायचे असते. फार्मसीत पुढच्या वेळी जाल तेव्हा काउंटरवर विचारा, आणि निघताना त्या मुलीला "थँक्स" म्हणायला विसरू नका.