लंडनचं वार्तापत्र : दोन ड्यूक आणि एक कर्कटक

इथं ग्रेट क्वीन स्ट्रीटवर फ्रीमेसन्स हॉलची अगडबंब इमारत आहे. मेसन म्हणजे गवंडी; गवंड्यांची चिन्हं मिरवणारा हा एक बंधुसंघ. या मंडळींच्या नावानं जगभर कुजबूज चालते. प्रत्यक्षात त्यांचं संग्रहालय कुणालाही पाहता येतं. त्यांची सुरुवातीची सचित्र पुस्तकं पाहिली, की लपवण्यापेक्षा मिरवण्याचीच हौस जास्त दिसते.

जेम्स अँडरसनचं 1723 चं 'कॉन्स्टिट्यूशन्स' हे त्यांच्या नियमांचं आणि इतिहासाचं पुस्तक घ्या. मुखचित्र जॉन पाईननं कोरलेलं. दुतर्फा खांब, तेही स्थापत्याच्या पाचही शैलींचे. मध्ये ड्यूक ऑफ माँटेग्यू नव्या ग्रँड मास्टरला, म्हणजे संस्थेच्या नव्या प्रमुखाला, ड्यूक ऑफ व्हॉर्टनला, नियमांची गुंडाळी आणि कर्कटक देतो आहे. बाजूला एक सेवक एप्रन आणि हातमोजे सांभाळत उभा. वर रथात अपोलो. दोन्ही ड्यूकांच्या पायांशी फरशीवर शाळेत आपल्याला छळणारी काटकोन त्रिकोणाची आकृती आणि ग्रीक अक्षरांत 'युरेका'. हा उद्गार आपण आर्किमिडीजचा मानतो. अँडरसननं तो पायथागोरसला बहाल केला. ज्यानं भूमितीची परंपरा थेट आदमापासून सुरू केली, त्याला एवढं काय अवघड! आणि हल्ली ज्याची धास्ती घेतली जाते तो त्रिकोणातला डोळा? तो या चित्रात नाहीच.

त्या वेळी ग्रँड लॉज, म्हणजे मेसनांच्या स्थानिक शाखांचं (लॉजचं) मध्यवर्ती मंडळ, नुकतंच उभं राहिलं होतं. अशा नव्या मंडळाला वजन यायचं कसं? गवंड्यांचा गुण्या-ओळंबा घेऊन प्राचीनता मिळवायची आणि वर उमराव बसवायचा. इंग्लंडात संस्थेच्या माथ्यावर एखादा ड्यूक असला, की निम्मं काम झालं. सध्याच्या राजघराण्यातले ड्यूक ऑफ केंटही 1967 मध्ये ग्रँड मास्टर झाले. उमराव कसा आहे, हे फार कुणी पाहत नाही. व्हॉर्टन तर हेलफायर क्लब या उच्छृंखल टोळक्यातला अट्टल उनाड. 1731 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, स्पेनमध्ये कफल्लक होऊन मेला. चित्रात मात्र तो ऐटीत उभा आहे.

मला त्याच पाईनची दुसरी कामगिरी जास्त आवडते. 1720 च्या दशकात त्यानं लॉजची कोरीव यादी काढली. मंडळी जमायची दारूच्या गुत्त्यांत, त्यामुळे लॉजची ओळख म्हणजे गुत्त्याच्या दारावरची पाटी. म्हणून यादीत प्रत्येक लॉजपुढे त्या पाटीचं इवलंसं चित्र: कुठं मुकुट, कुठं द्राक्षं. पायथागोरस गायब, पत्ता तेवढा पक्का!

याच गुत्त्यांतून घरी निघालेला मेसन विल्यम हॉगार्थनं 1738 च्या 'रात्र' या चित्रात पकडला. अंगात एप्रन, गळ्यात गुण्या, पाय लटपटताहेत आणि वरच्या खिडकीतून कुणीतरी मूत्रपात्र रिकामं करतंय. हॉगार्थ स्वतः मेसन होता. 1735 मध्ये संस्थेच्या मेजवानीची व्यवस्था पाहणाऱ्यांत त्याचं नाव आहे.