चेसापीक उपसागरातील निळ्या खेकड्यांची संख्या

चेसापीक उपसागर हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मेरीलँड व व्हर्जिनिया या राज्यांत पसरलेला विस्तीर्ण खाडीप्रदेश आहे. येथील निळा खेकडा (शास्त्रीय नाव: कॅलिनेक्टेस सॅपिडस) हा कोकणातील चिंबोरीप्रमाणेच पोर्टुनिडे कुळातील असून त्याच्यावर स्थानिक मच्छीमारांच्या अनेक पिढ्यांची उपजीविका चालत आली आहे. इ.स. १९९० च्या दशकापासून या खेकड्यांच्या संख्येत मोठी घट व तीव्र चढउतार नोंदले गेले. माद्यांना संरक्षण दिल्यावर संख्या काही काळ सावरली. परंतु केवळ मासेमारीवरील नियंत्रण पुरेसे नसल्याचे नंतरच्या नोंदींतून दिसून आले.

जीवनचक्र

मादी सामान्यतः आयुष्यात एकदाच, शेवटची कात टाकताना, नराशी समागम करते. त्यानंतर ती उपसागराच्या मुखाजवळील अधिक खारट पाण्याकडे स्थलांतर करते. तेथे बाहेर पडलेले डिंभ प्रवाहाबरोबर खुल्या समुद्रात जातात आणि वाढीच्या पुढील अवस्थेत वारा व भरतीच्या साहाय्याने उपसागरात परततात. त्यामुळे एखाद्या वर्षी किती पिल्ले परततील, हे माद्यांच्या संख्येबरोबरच समुद्रातील परिस्थितीवरही अवलंबून असते.

गणना

हिवाळ्यात खेकडे तळाच्या चिखलात स्वतःला पुरून घेतात. याचा उपयोग करून दोन्ही राज्ये १९९० पासून दरवर्षी सुमारे १,५०० ठिकाणी तळ खरवडून नमुने घेतात व त्यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधतात. १९९३ मध्ये हा अंदाज ८५ कोटी २० लाख होता.

घट व उपाययोजना

१९९० च्या दशकात प्रजननक्षम माद्यांची संख्या आधीच्या काळाच्या तुलनेत ८० टक्क्यांच्या आसपास घटली. प्रौढ माद्यांचा सरासरी आकार व डिंभांची संख्याही कमी झाली. २००८ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने येथील खेकडा-मासेमारीबाबत आपत्ती घोषित केली. त्याच वर्षी माद्यांची पकड सुमारे एक-तृतीयांशाने कमी करण्याचे धोरण आखण्यात आले आणि व्हर्जिनियाने हिवाळ्यात तळ खरवडून होणारी पकड बंद केली. या पद्धतीत प्रामुख्याने चिखलात विसावलेल्या माद्याच सापडत असत.

२०१२ मध्ये एकूण संख्या ७६ कोटी ५० लाखांवर पोहोचली. यात पिल्लांचा वाटा मोठा होता. पुढील वर्षीच ती सुमारे ३० कोटींवर घसरली. २०१४ मध्ये प्रौढ माद्या ७ कोटी या तत्कालीन किमान सुरक्षित मर्यादेखाली गेल्या. २०२२ मध्ये एकूण संख्या २२ कोटी ६० लाख, म्हणजे गणना सुरू झाल्यापासूनची नीचांकी होती. त्यानंतर मेरीलँडने नरांच्या व्यावसायिक पकडीवरही मर्यादा घातली. २०२५ चा अंदाज २३ कोटी ८० लाख होता.

इतर कारणे

पिल्ले सागरी गवताच्या आडोशाने वाढतात. १९७२ च्या ॲग्नेस चक्रीवादळामुळे आलेल्या गाळाने व गोड्या पाण्याने या गवताचे मोठे नुकसान झाले. शेती व शहरांतून वाहून येणाऱ्या पोषकद्रव्यांमुळे उन्हाळ्यात खोल पाण्यातील प्राणवायू घटतो. १९७० च्या दशकात गळाने मासे पकडण्याच्या छंदासाठी व्हर्जिनियातील नद्यांत सोडलेला निळा कॅटफिश हा परका मासाही खेकडे खातो. प्रौढ माद्या वाचवूनही पिल्लांची संख्या दरवेळी का वाढत नाही, हे समजून घेताना या सर्व घटकांचा एकत्रित विचार केला जातो.