दोन तुकड्यांचा शाफ्ट व तो काढण्याची रीत

ज्या मोटारींत इंजिन पुढें असून शक्ति मागील चाकांना द्यावयाची असते, तींत गिअरबॉक्सपासून मागील आंसापर्यंत एक पोलादी नळी फिरत असते. तिला शाफ्ट म्हणतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं उभ्या लॉरीखालीं वांकून ती पाहिलीच असेल. अमेरिकेंत १९६७ ते १९७२ या काळांत निघालेली शेव्हरोले सी-१० ही पिकप मोटार तिकडील हौशी लोक अद्यापि जिवापाड जपतात. तिच्या लांब प्रकारांत पुढील व मागील चाकांमधील अंतर १२७ इंच असून शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो.

दोन तुकडे कशाकरितां? लांब काठी अति वेगानें फिरविली तर ती मध्यें वांकून झोंके खाऊं लागते. तितक्याच जाडीच्या काठीची लांबी निम्मी केली, तर झोंके सुरू होण्याचा वेग चौपट होतो. म्हणून शाफ्ट मध्यें तोडून तेथें रबरांत बसविलेलें एक बेअरिंग सांगाड्याच्या आडव्या पट्टीस जोडतात.

आतां काढण्याकडे वळूं. प्रथम प्राणाची गोष्ट. गिअरमध्यें ठेवलेली मोटार उतारावर स्थिर राहते, ती इंजिनानें शाफ्टाच्या द्वारें चाकांना धरून ठेवलेलें असतें म्हणून. शाफ्ट सुटतांक्षणीं हा आधार नाहींसा होतो; आणि नेमक्या त्याच क्षणीं मनुष्य मोटारीखालीं उताणा पडलेला असतो! यास्तव जागा सपाट असावी, पुढील दोन्ही चाकांच्या मागेंपुढें लांकडाचे ठोकळे घट्ट ठोकावे, आणि मागील आंस उचलून मजबूत घोड्यांवर ठेवावा. नुसत्या जॅकवर विसंबून कोणीहि खालीं जाऊं नये. मागचा भाग उंच असल्याचा आणखी एक लाभ असा कीं, गिअरबॉक्सांतील तेल पुढें राहतें व फारसें सांडत नाहीं.

दुसरी गोष्ट खुणांची. शाफ्टाच्या सांध्यांत क्रुसाच्या आकाराचा तुकडा असतो. मिस्त्री त्यास क्रॉस म्हणतात. सतराव्या शतकांतील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याच्या नांवानें हा सांधा ओळखला जातो. त्याची एक खोड आहे. सांधा वांकलेला असतां पुढचा भाग सारख्या वेगानें फिरला तरी मागचा भाग एका फेऱ्यांत दोनदां पुढें धांवतो व दोनदां रेंगाळतो. एका सांध्याची ही चूक दुसरा भरून काढतो. पण सांध्यांचे कांटे परस्परांशीं ठरलेल्या रेषेंत असतील तरच. म्हणून पाना हातीं घेण्यापूर्वीं प्रत्येक जोडावर आरपार रंगाची रेघ ओढावी. आम्हीं एकदां एका जुन्या लॉरीचा शाफ्ट काढतांना स्मरणशक्तीवर भरंवसा ठेवला, आणि परत बसविल्यावर ती इतकी थरथरूं लागली कीं सबंध काम पुन्हां करावें लागलें.

मग गिअर न्यूट्रलमध्यें ठेवून शाफ्ट हातानें फिरवावा व मागील आंसाजवळील नट एकेक खालीं आणावे. तेथें इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे दोन बोल्ट किंवा दोन पट्ट्या असतात. त्या काढून शाफ्ट किंचित् पुढें सारला कीं टोंक सुटतें. क्रॉसच्या मोकळ्या टोप्यांवर लगेच चिकटपट्टी गुंडाळावी. नाहीं तर सुईसारखे बारीक रोलर धुळींत विखुरतात. नंतर मागचा तुकडा मागें ओढावा, म्हणजे मधल्या खांचांतून तो निसटतो.

पुढच्या तुकड्यास खालून आधार देऊन मधल्या बेअरिंगचे बोल्ट काढावे. हा तुकडा जड असतो, एकट्यानें करूं नये. तो मागें सरकविला कीं गिअरबॉक्सांतून बाहेर येतो. खालीं परात ठेवावी आणि मोकळें तोंड स्वच्छ फडक्यानें बंद करावें.

शाफ्ट बाकावर ठेवून प्रत्येक क्रॉस दोन्ही दिशांनीं वांकवून पाहावा. कोठें अडखळला किंवा खडखडला तर तो बदलावा. मधल्या बेअरिंगचें रबर चिरलें असल्यास तेंहि. गिअर टाकतांच खालून ठणका ऐकूं येतो, त्याचें कारण बहुधा झिजलेल्या क्रॉसमध्येंच सांपडतें.